सोनबाला चालेल असा शब्द

किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही. फळ्याजवळ आयुष्य काढलेल्या बाईच्या पदरावर खडू जसा नकळत बसतो, तसे ते बसतात. घरी येऊन पदर झटकावा, तरी थोडे तिथेच उरलेले असतात. आमच्या हिंगोलीच्या महिला मंडळाचे तर असे झाले की, आम्ही कामे केली बेताची आणि त्यांचे किस्से झाले फार. आता मी निवृत्त आहे. दुपारच्या चहाला चौघीजणी जमल्या की कोणीतरी म्हणतेच, “बाई, ते लढाईवाल्यांच्या मेळ्याचं सांगा ना.”

मी सांगते, पण एक अट आधी घालते. माणसे जे बोलली, ते जसेच्या तसे सांगेन. त्यांच्या व्याकरणाची जबाबदारी माझ्यावर नाही. माझ्या स्वतःच्या वाक्यांची मात्र पूर्णपणे आहे.

तर, मोठी लढाई संपून वर्ष उलटले होते. आमच्याकडे राज्य निजामाचे असले तरी इंग्रजांच्या पलटणीत गेलेली पोरे खेड्याखेड्यांत होती. त्यांतली काही परत आली, काही आली नाहीत आणि काही अर्धीमुर्धी आली. मी तेव्हा मराठी कन्याशाळेची मुख्याध्यापिका होते. शाळेच्या पडवीत आमचे मंडळ भरे. मंडळ म्हणजे तसे आम्ही तिघीच. एक मी. दुसऱ्या देशमुखीणबाई, घरी जमीनजुमला पुष्कळ, आवाज त्याहून मोठा. तिसऱ्या चंद्राबाई, त्यांच्या यजमानांचे कापडाचे दुकान होते आणि त्यांच्या पोटात कोणतीही गोष्ट संध्याकाळपर्यंत टिकत नसे.

परतलेल्या सैनिकांसाठी काहीतरी करावे, असे आम्ही ठरवले. कोणाचे छप्पर शाकारून दिले, कोणाला पेरणीचे बियाणे दिले. लोकांनी ते घेतले आणि दोन्ही हात जोडले. घेतले नाही ते फक्त सोनबाने.

*

सोनबा पुसेगावच्या अलीकडच्या वस्तीवरचा. घर मेंढपाळांचे. लढाईत तो खेचरांच्या पलटणीत होता. ब्रह्मदेशच्या डोंगरांत खेचरांवर दारूगोळा लादून न्यायचा. तिथेच त्याचा डावा पाय गुडघ्याखाली गेला. मेंढरांमागे दिवसभर चालावे लागते आणि कुबडीवर ते जमत नाही, म्हणून कळप भावांकडे गेला. सोनबा अंगणात बसून असे. त्याची बायको सखू लोकर कातून घर चालवत होती.

आमच्या डोक्यात आले, याला टांगा द्यावा. जनावर याच्या हाताखालचे, बसून करण्याचे काम, आणि स्टेशनवर उतरून नरसीला नामदेवाच्या दर्शनाला जाणारे उतारू बारा महिने असतात. आम्ही तिघी बैलांच्या दमणीतून त्याच्या वस्तीवर गेलो आणि बेत सांगितला.

सोनबाने सगळे ऐकून घेतले. मग म्हणाला, “चांगलं हाय. पन म्या भीक न्हाई घेत.”

देशमुखीणबाई म्हणाल्या, “अरे, भीक कोण म्हणतंय? ही मदत आहे.”

“मदत दुबळ्याला करत्यात.”

“मग देणगी समज,” चंद्राबाई म्हणाल्या.

“देनगी देवळाला देत्यात. म्या काय देऊळ हाय?”

आत चुलीपाशी सखू हसली आणि तिने पदर तोंडाला लावला. सोनबा माझ्याकडे वळला. “बाई, तुमी शिकवनाऱ्या. सगळे शबुद तुमच्यापाशी. ज्याच्यात भीक न्हाई असा एक शबुद आना. आनला की टांगा घेतो. न्हाई तर नको.”

मी त्याला सांगितले, “आणते.” मराठी भाषेवर माझा विश्वास होता.

*

दमणी परत हिंगोलीच्या वाटेला लागली. चंद्राबाई म्हणाल्या, “एवढा ताठा बरा नव्हे.”

देशमुखीणबाई म्हणाल्या, “पाय गेला, ताठाही गेला असता तर राहिलं काय असतं त्याच्याजवळ?”

देशमुखीणबाईंना मी आयुष्यात अनेक वेळा दुरुस्त केले आहे. त्या दिवशी केले नाही.

*

घेणारा तयार नसला तरी देणाऱ्यांनी थांबायचे नाही, असे ठरले आणि शाळेच्या पटांगणात मेळा भरवायचे आम्ही योजले. मुलींची गाणी, कवाईत, विणकाम-भरतकामाची विक्री, आणि येणाऱ्याने आपल्या घरचे धान्य आणून टाकायचे. त्या काळी चारचौघांनी एकत्र बसायचे, तरी सरकारची परवानगी लागे. मी आणि देशमुखीणबाई कचेरीत गेलो. तिथले अंमलदार वयस्कर होते आणि फार थकलेले दिसत होते.

“ये जलसा किसका है?” त्यांनी विचारले.

“जलसा नव्हे, मेळा,” मी म्हणाले.

“मेले में तकरीर होगी?”

तकरीर म्हणजे भाषण. भाषण म्हटले की परवानगी बंद, हे हिंगोलीत पोराबाळांनाही ठाऊक होते. देशमुखीणबाई घाईघाईने म्हणाल्या, “तकरीर कशाची साहेब, मी आपली चार शब्द बोलेन.”

अंमलदारांनी देशमुखीणबाईंकडे नीट पाहिले. त्यांचा आवाज तोपर्यंत सगळ्या कचेरीने ऐकला होता. मग ते अतिशय सौम्यपणे म्हणाले, “बाईसाहब, आपसे होगा? सिर्फ चार?”

परवानगी मिळाली.

*

मेळ्याचा फलक रंगवायला उस्मान पेंटर होता. गावात फिरता सिनेमा आला की त्याच्या पाट्या तोच रंगवी. मराठी त्याला वाचता येत नसे. पण अक्षर पाहिले की तसेच्या तसे काढी, आणि माझ्या मुलींपेक्षा सुबक काढी. त्या दिवशी मी घाईत होते. कागदावर लिहून देण्याऐवजी मी मजकूर तोंडी सांगितला आणि त्याने तो कोणाकडून तरी लिहवून घेतला. मी सांगितले होते, “माजी सैनिकांसाठी मेळा.”

संध्याकाळी फलक आला. त्यावर हातभर अक्षरांत होते, “माझी सैनिकांसाठी मेळा.”

मी त्याला तिथेच उभे करून समजावले. “उस्मानभाई, यात एक नव्हे, दोन चुका आहेत. ‘माजी’ म्हणजे पूर्वीचे. ‘माझी’ म्हणजे माझ्या मालकीची. आणि मालकीचेच म्हणायचे असेल, तरी सैनिक शब्द पुल्लिंगी आहे. त्याला ‘माझी’ लागत नाही.”

उस्मानभाईने ब्रश पुसता पुसता फलकाकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले. म्हणाला, “हमकू क्या मालूम बाई. हम तो समझे, तुम्हारेच हैं.”

मी फलकाकडे पुन्हा एकदा पाहिले. मग त्याला फलक दुरुस्त करायला सांगितला.

दुसऱ्या दिवशी फाटकावर फलक लागला, “माझ्या सैनिकांसाठी मेळा.” सामान्यरूप फार महत्त्वाचे असते.

*

मेळ्याला माणसे लोटली. सेनगावाकडून बैलगाड्या आल्या. ज्वारीची रास पटांगणाच्या मध्यावर वाढत होती. पहिल्या ओळीत कचेरीतून पाठवलेला एक शिपाई, कोणी तकरीर करते की काय ते ऐकायला बसला होता. वस्तीवरचे सगळे आले होते. सोनबाही एका कडेला, कुबडी मांडीवर आडवी घेऊन, बसला होता.

देशमुखीणबाई चार शब्द बोलायला उभ्या राहिल्या. चार झाले, चाळीस झाले. रंगात आल्या की त्यांना आवरणे कठीण. लढाईवरून आलेल्या लेकरांना आपण कसे सांभाळले पाहिजे, हे सांगता सांगता त्यांनी हात उंच केला आणि म्हणाल्या, “आपण या प्रत्येकाला पुन्हा स्वतःच्या पायांवर उभं करू!”

 आपण काय बोललो ते देशमुखीणबाईंच्या ध्यानात आले, पण हात वरच राहिला. लोकांच्या माना हळूहळू कडेला वळल्या.

सोनबा बसल्या जागेवरून म्हणाला, “देशमुखीनबाई, एका पायावर म्हना. दुसऱ्याचा वायदा आत्ता करू नका.”

आधी सखू हसली. मग वस्ती हसली, मग सगळे पटांगण. देशमुखीणबाई डोळे पुसत खाली बसल्या. शिपायाने उठून कचेरीची वाट धरली. चंद्राबाईंनी त्याला विचारले, “तकरीर झाली असं सांगणार का हो?”

“तकरीर कहां हुई?” तो म्हणाला. “वो तो बिच में बंद हो गई.”

*

त्याच मेळ्यातली दुसरी गोष्ट. दुपारी मी धान्याच्या राशीपाशी उभी होते. सोनबा कुबडी टेकत आला. खांद्यावर नवे कोरे घोंगडे होते. सखूने कातलेल्या लोकरीचे, काळेभोर, काठाला पांढरी रेघ. ते त्याने राशीवर ठेवले.

मी विचारले, “हे कशाला, सोनबा?”

“लढाईवाल्यांसाठी हाय ना हे सगळं? तिकडं सेनगावाकडं एक हाय म्हनं, डोळे गेलेला. थंडीचे दिवस येऊन राहिले.”

“आणि हे घोंगडे म्हणजे त्याला भीक नव्हे?”

मला वाटले, आता सापडला. सोनबाने जराही विचार केला नाही. “न्हाई. म्या देऊन राहिलो न्हवं? देनाऱ्याला ती भीक वाटतच न्हाई, बाई. म्हनून तर घेनाऱ्याला इचारावं लागतं.”

चंद्राबाई शेजारीच होत्या. रात्री जेवणापूर्वी हे वाक्य सगळ्या हिंगोलीला पाठ होते.

*

त्यानंतर दर बाजाराच्या दिवशी सोनबा शाळेवरून जाई आणि पडवीपाशी थांबून विचारी, “बाई, गावला का?”

मी आठवडाभर शोधून एक शब्द तयार ठेवलेला असे.

“बक्षीस,” मी एकदा म्हणाले.

“बक्षीस जितनाऱ्याला. म्या कुटं जितलो? जितला इंग्रज.”

पुढच्या बाजारी मी “नजराणा” काढला.

“नजराना हुजुरांना देत्यात. कोनी ऐकलं तर तुमाला बी धरतील, मला बी.”

“सन्मान,” मी त्याच्या पुढच्या बाजारी म्हणाले.

यावर मात्र तो थोडा थांबला. “चांगला हाय. पन सन्मानाला नारळ असतो, बाई. घोडा नसतो.”

मी माझ्या शब्दांचा इतका पराभव कधी पाहिला नव्हता. आणि खरे सांगायचे तर, त्याच्या एकाही आक्षेपात मला व्याकरणाची किंवा अर्थाची चूक काढता आली नाही.

*

अशाच एका बाजारी तो थांबला असता मधली सुट्टी झाली. पहिलीतल्या मुलींनी त्याला घेरले. मोठ्या माणसांना जे विचारायला वर्ष लागते, ते त्यांनी ताबडतोब विचारले.

“तुमचा पाय कुठाय?”

“बरम्यात ठेवला.”

“परत कधी आणणार?”

“माझं एक खेचर हाय तिकडं. लई गुनी. त्याला सांगितलंय आनायला.”

मुलींना ते पटले. एकीला मात्र पटले नाही. ती यमू, वर्गातली सर्वांत लहान. तिच्या पाटीवरची बेरीज कधी चुकत नसे. तिने विचारले, “त्याला तुमचं घर माहीत आहे का?”

सोनबा हसता हसता थांबला. मुलींच्या डोक्यांवरून त्याने पलीकडे रस्त्याकडे पाहिले. मग फार हळू म्हणाला, “न्हाई गं. सांगायचं ऱ्हाऊन गेलं.”

मी घंटा थोडी आधी वाजवली.

*

मेळ्यातल्या ज्वारीची विक्री झाली आणि घोडी घेण्याइतपत तजवीज झाली. चंद्राबाईंच्या यजमानांनी आपला जुना टांगा सुताराकडे टाकला. आता अडचण अशी की, घोडी पारखणार कोण? आमच्या ओळखीत जनावराची खरी पारख एकालाच होती, आणि तो सोनबा होता.

देशमुखीणबाईंनी त्याला निरोप धाडला की, “मालकांना घोडी घ्यायची आहे, कारभाऱ्याबरोबर माळेगावच्या जत्रेला जा आणि निवडून आण. तुझी मजुरी घे.” मजुरी या शब्दावर त्याची काही तक्रार नव्हती. तो गेला. परतला तो एक बसकट, मातकट रंगाची घोडी घेऊन. देशमुखीणबाईंचे तोंड उतरले.

“अरे, जत्रेत याहून देखणी नव्हती का?”

“पुष्कळ होत्या. पन म्या तोंड न्हाई बघत. आधी पाय बघतो.” त्याने वाकून घोडीचा एक एक पाय उचलून दाखवला. ती त्याच्यासमोर शाळेतल्या मुलीसारखी उभी होती. “हिला मुका मार देऊ नका. आन देशमुखांच्या हातात तर अजाबात देऊ नका. त्यांचा हात जड हाय.”

“मग कोणाच्या हातात द्यावी?” देशमुखीणबाईंनी अगदी साळसूदपणे विचारले.

चंद्राबाईंवर आमचा भरवसा नव्हता, म्हणून त्यांच्या तोंडात आम्ही आधीच पानाचा मोठा विडा घातला होता.

सोनबाने घोडीच्या मानेवरून हात फिरवला. “माझ्यासारखा कोनी तरी पाह्यजे हिला,” तो म्हणाला. “पन माझ्यासारखा मानूस तुमी आनाल कुठून?”

चंद्राबाईंनी विडा गिळला.

*

घोडी देशमुखांच्या वाड्यापुढच्या गोठ्यात बांधली गेली. टांगा सुताराकडून रंगून आला. शब्द मात्र येत नव्हता. घोडी रोज खाई आणि देशमुख रोज विचारीत, “ही आपली आहे की नाही, ते एकदा सांगा. आपली असली तर मी बसतो, नसली तर तिचा चारा कोण देतो?” देशमुखीणबाई त्यांना म्हणत, “बाईंना शब्द सापडेपर्यंत ती कोणाचीच नाही.” आणखी फार दिवस हे चालणार नव्हते. घोडी विकून टाकावी, असे देशमुखांच्या मनात येऊ लागले होते.

संक्रांत झाली. मंडळाचे हळदीकुंकू शाळेतच करायचे होते. आदल्या दुपारी आम्ही तिघी तिथे वाणाची ताटे लावत बसलो होतो. चंद्राबाईंनी वाण म्हणून लाकडी फण्या आणल्या होत्या. त्या दरवर्षी लाकडी फण्याच आणीत. देशमुखीणबाई वैतागून म्हणाल्या, “माझ्या फडताळात तुझ्या फण्यांची रास झाली आहे, चंद्रे. आमच्या घरात एवढे केस नाहीत.”

मी म्हणाले, “नको असतात, तर दरवर्षी घेता कशाला?”

देशमुखीणबाईंनी माझ्याकडे असे पाहिले, जसे मी अशुद्ध लिहिणाऱ्या मुलीकडे पाहते. “अहो बाई, वाण आहे ते. वाण नको म्हणता येतं का कोणाला? देणारी सवाष्ण, घेणारी सवाष्ण. त्यात गरीब कोण आणि श्रीमंत कोण?”

एवढे बोलल्या आणि थांबल्या. हातातली फणी हातातच राहिली. चंद्राबाई माझ्याकडे पाहू लागल्या आणि मी देशमुखीणबाईंकडे.

“पण ते सोनबाला कुठं देता येतं?” चंद्राबाई हळूच म्हणाल्या. “पुरुषाला वाण नसतं.”

“त्याला कोण देतंय?” देशमुखीणबाई म्हणाल्या.

त्या रात्री चंद्राबाईंनी ही गोष्ट कोणालाही सांगितली नाही. त्यांच्या यजमानांना वाटले, त्यांना ताप आला आहे.

*

दुसऱ्या दिवशी पटांगणात बायकाच बायका होत्या. शाळेत करायचे ते यासाठीच की, वाड्यावर जायला जी संकोचेल तिने इथे यावे. वस्तीवरच्या बायका आल्या होत्या. सखू नवे लुगडे नेसून आली होती. सोनबा फाटकाबाहेर, बायकांना घेऊन आलेल्या गाडीपाशी बसून होता.

देशमुखीणबाईंनी सखूला पाटावर बसवले. हळद लावली, कुंकू लावले, ओंजळीत तीळगूळ दिला. मग मागे वळून नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, “आणा गं वाण.”

चंद्राबाई घोडी घेऊन आल्या. घोडीच्याही कपाळाला कुंकू होते. मागून देशमुखांचे दोन गडी टांगा ओढत आत आले.

सखू पाटावरून उठली. “हे काय, देशमुखीनबाई?”

“वाण.”

“एवढं मोठं?”

“वाणाचं माप काढत नाहीत. पदर पुढं कर.”

सखूने घोडीकडे पाहिले, मग फाटकाकडे पाहिले. सोनबा तोवर कुबडी घेऊन उठला होता. बायकांत यायचे नाही म्हणून तो उंबऱ्याबाहेरच थांबला. तिथून त्याने मला हाक मारली. “बाई! ह्याला काय म्हनत्यात?”

“वाण,” मी म्हणाले.

“कोनाला?”

“तुला नव्हे. तुझ्या बायकोला. तुला कोणी काही देत नाही, सोनबा.”

तो बराच वेळ उभा राहिला. ओठ हलत होते. शब्द उलटसुलट करून पाहत असावा. मी मनात म्हटले, आता काढेल खोट. चंद्राबाईंनी माझा हात घट्ट धरला होता. सखूने पदराचे टोक हातात घेतले होते, पण पुढे केले नव्हते. ती नवऱ्याकडे पाहत होती.

“वानाला न्हाई म्हनता येत न्हाई,” शेवटी सोनबा म्हणाला. “माझी माय बी कधी म्हनली न्हाई.”

सखूने पदर पुढे केला. देशमुखीणबाईंनी घोडीचा कासरा तिच्या पदरात ठेवला. सखूने तो तसाच नेऊन उंबऱ्याबाहेर नवऱ्याच्या हातात दिला. सोनबाने घोडीच्या मानेवर थाप मारली आणि तिच्या कानाशी म्हणाला, “चल गं. आता तू बी सखूची आन म्या बी सखूचाच.”

*

आणि आता शेवटचे सांगते. हे त्याच दुपारचे आहे, पण मी ते नेहमी वेगळे सांगते.

बाहेर सोनबा टांगा जोडत होता. आत बायकांची वाणे एकमेकींच्या पदरांत पडत होती. मी पटांगणाच्या टोकाला, वर्गाच्या दाराला टेकून उभी होते. मी बाराव्या वर्षी विधवा झालेली. हळदीकुंकवाची सगळी तयारी मी करीत असे, ताटे मी लावत असे, आणि बायका जमू लागल्या की दाराशी जाऊन उभी राहत असे. ते कोणी मला सांगत नसे आणि मीही कोणाला विचारत नसे.

सखू गर्दीतून वाट काढत आली. तिच्या हातात लोकरीच्या काळ्या गुंड्या होत्या. घरी कातलेल्या, मुठीएवढ्या. तेच तिचे वाण होते. एकेकीला देत देत ती माझ्यापाशी आली आणि उभी राहिली. “बाई, वान घ्या.”

चंद्राबाईंनी लगबगीने तिचा दंड धरला. “अगं सखू, बाईंना नाही द्यायचं.”

“काहून?”

चंद्राबाईंनी तोंड उघडले आणि मिटले. देशमुखीणबाई खाली ताटाकडे पाहू लागल्या. शब्द माझ्याकडे होता; वर्गात मी तो अनेक वेळा फळ्यावर लिहिला होता, लिंग-वचनासह. त्या दिवशी तो माझ्याही तोंडातून निघेना.

सखूने आमच्या तिघींकडे पाळीपाळीने पाहिले. “मला घोडी घ्यावी लागली,” ती म्हणाली. “बाईला लोकर काहून न्हाई?”

फाटकाबाहेरून सोनबाने हाक दिली, “आटपा की आता. घोडी थांबना झाली.”

सखूने मागे वळूनही पाहिले नाही. गुंडी पुढे धरून ती तशीच उभी राहिली.

“थांब म्हनावं तिला,” ती म्हणाली. “म्या बाईला वान देऊन राहिले.”